जागलीवर सुचलेली चाल आणि मंडळाचा सराव: खिशातल्या प्लेअरवर कसं धरून ठेवावं

हरभरा घाटे धरायला लागला की आमच्याकडे जागल सुरू होते. मचाणावर एक माणूस, एक टॉर्च, वाजवायला एक पत्र्याचा डबा आणि अंधारात कुठंतरी रानडुकरं. अशा वेळी डोक्यात चाली येतात. मला घरात बसून आजवर एकही चाल धड सुचलेली नाही. ज्या चार-दोन बऱ्या निघाल्या त्या सगळ्या वावरात निघाल्या, आणि त्यांच्या दुप्पट तिथंच राहिल्या. रात्री अडीचला वाटतं, एवढी सरळ चाल आहे, ही कशी विसरेन? पहाटे धुऱ्याधुऱ्यानं घरी येईस्तोवर आठवतं ते एवढंच, की काहीतरी छान होतं.

खंजिरी भजनाचं मंडळ चालवणारी, दंडारीच्या लोकनाट्यात गाणारी, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात साथ करणारी किंवा गावात छोटा ऑर्केस्ट्रा जमवू पाहणारी जी नवी पोरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्टुडिओसारखं रेकॉर्डिंग कसं करावं ते यात सापडणार नाही. खिशात मावणाऱ्या प्लेअरवर सुचलेलं कसं धरावं, मंडळाचा सराव कसा टेप करावा आणि नंतर तो कसा ऐकावा, एवढंच सांगतो. यातलं ऐकणंच सगळे विसरतात.

यंत्र कोणतं घ्यावं

गाणी वाजवणारं प्रत्येक यंत्र टेप करतंच असं नाही. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. तो सोनीच्याच बातमीदारांसाठीच्या छोट्या रेकॉर्डरवरून बेतलेला होता, पण त्यातली रेकॉर्ड करायची सोय मात्र काढून टाकली होती. आजच्या स्वस्त प्लेअरांतही निव्वळ वाजवणारे भरपूर आहेत. घेताना मेनूत ‘रेकॉर्ड’ किंवा ‘व्हॉइस’ असं काही आहे का आणि कडेला टाचणीच्या टोकाएवढं माइकचं भोक आहे का, ते आधी बघा.

साधारण तीन प्रकार हाती लागतात. पहिला म्हणजे एफएम रेडिओवाला साधा एमपी३ प्लेअर. कुणाच्या तरी घरी ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच. यातले बरेच प्लेअर आवाज टेलिफोनच्या दर्जाचा धरतात, म्हणजे सेकंदाला आठ हजार नमुने. अशा रेकॉर्डिंगमध्ये चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही. टाळाची चमक गेली, खंजिरीच्या चकत्यांची झणझण गेली, राहिला तो गळा आणि पेटी. चाल धरायला तेवढं पुरतं. मंडळाच्या सरावाला पुरत नाही.

दुसरा प्रकार वकील आणि पत्रकार वापरतात तो व्हॉइस रेकॉर्डर. उदाहरणार्थ सोनीचा आयसीडी-पीएक्स४७०. त्यात ४ जीबी जागा आतच असते, वर कार्ड घालता येतं, गाणीही ऐकता येतात आणि तो रिमोटच्या बारीक सेलवर चालतो. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लाइन आठवड्यातून कधी दिवसा, कधी रात्री अशा गावात चार्जिंगवर अवलंबून राहू नये. सेल किराणा दुकानातही मिळतात. तिसरा प्रकार खास गाण्यासाठी बनवलेल्या हातातल्या रेकॉर्डरचा, झूमचा एच१एन किंवा टॅस्कॅमचा डीआर-०५ असले. दोन माइक, आवाजाची पातळी हातानं ठरवायची सोय, आणि किंमतही त्या मानानं.

माझं मत विचाराल तर एकट्यानं गाणं करणाऱ्यानं पहिल्या प्रकारावर सुरुवात करावी आणि मंडळानं वर्गणीतून दुसरा घ्यावा. तिसरा परवडत असेल तर आनंद आहे, पण त्याच्यासाठी थांबू नका.

फोन का नाही, असं कुणी विचारेलच. दुसरं काही नसेल तर फोनच वापरा. पण ऐन अंतऱ्यात फोन येतो, पोरं गेम खेळायला तो उचलून नेतात, आणि हात एकदा फोनला लागला की चाल बाजूला राहते आणि आपण व्हॉट्सॲप बघत बसतो. प्लेअरला दुसरं कामच नाही. साधा टूजी फोन रेकॉर्डरच्या जवळ ठेवला तर त्याची टिर्र-टिर्र टेपमध्ये येते, म्हणून सरावाला सगळ्यांचे फोन दूर खुंटीवरच्या पिशवीत टाकायचे.

जुना प्लेअर विकत घेताना दुकानातच एक मिनिट टेप करून इअरफोननं ऐका. आणि मेमरी कार्डाचं जपून. तालुक्याच्या एका दुकानातून मी ६४ जीबी छापलेलं कार्ड स्वस्तात आणलं. खरी जागा त्याच्या आठव्या भागाचीही नव्हती. कार्ड भरल्याचं कधीच सांगत नव्हतं, नवं लिहिताना जुनं खाऊन टाकत होतं. दोन महिन्यांचा सराव गेला तेव्हा कळलं. आता नवं कार्ड आलं की आधी कॉम्प्युटरवरून ते गच्च भरतो, आणि त्यातली शेवटची फाइल उघडते का ते पाहतो. हेच काम एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअरही करतं. गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला सांगितलं तर तो करून देतो.

वापरण्याआधी एकदाच करायचं

तारीख आणि वेळ लावा. ही न लावलेल्या यंत्रावरच्या फाइली बहुधा १ जानेवारी १९८०च्या निघतात, कारण कार्डावर तारीख लिहायच्या पद्धतीची सुरुवातच तिथून आहे. वर्षभराच्या सगळ्या चाली एकाच तारखेच्या दिसू लागल्या की मग डोकं धरून बसावं लागतं.

कार्ड यंत्रातच फॉरमॅट करा. फाइलीचा प्रकार चालीसाठी एमपी३ ठेवा. १२८ केबीपीएसला (सेकंदाला किती माहिती साठवायची त्याचं हे माप) तासाला साधारण ५८ एमबी लागतात आणि १९२ ला ८६ एमबी. वेव्ह प्रकारात आवाज जसाच्या तसा राहतो, पण सीडीच्या दर्जाला तासाला ६३५ एमबी जातात. म्हणजे ४ जीबीत दीड तासाचे चारच सराव. १९२ वर त्याच जागेत ४५ तास मावतात. रोजच्या सरावाला १९२ भरपूर. स्पर्धेला पाठवायचं असेल किंवा म्हाताऱ्या बुवांची एखादी जुनी चाल उतरवायची असेल तेवढ्यापुरता वेव्ह लावा.

मेनूत ‘व्हीओआर’ असेल तर बंद करा. आवाज आला की सुरू आणि शांत झालं की बंद, अशी ती सोय आहे. भाषणाला ठीक. गाण्यात ती आलापाची सुरुवात खाते आणि दोन ओळींमधला श्वासही खाते, त्यामुळे ऐकताना ठेका चुकल्यासारखा वाटतो. एका पोरानं ढोलकीवाल्याला याच कारणावरून तासभर बोल लावले होते.

माइकची संवेदनशीलता ‘लो’ ठेवा. ‘ऑटो’ पातळी बंद करता येत असेल तर बंद करा. ऑटोमध्ये यंत्र सतत आवाज वर-खाली करतं. सगळे थांबले की यंत्र कान टवकारतं, पंख्याची घरघर मोठी करतं, आणि ढोलकीची पहिली थाप पडली की घाबरून सगळंच दाबतं. ऐकताना गाणं भात्यासारखं फुगतं आणि बसतं.

चाल सुचली की

प्लेअर उशाशी किंवा शर्टाच्या खिशात, अंधारात बोटाला बटण सापडेल असा हवा. रेकॉर्डचं बटण डोळे मिटून दहा वेळा दाबून बघा. हे मी गमतीनं सांगत नाही. चाल मनात आहे आणि आपण टॉर्च लावून मेनू शोधतो आहोत, एवढ्यात ती जाते.

बटण दाबलं की दोन सेकंद थांबा. बरीच यंत्रं सुरू व्हायला तेवढा वेळ घेतात आणि पहिला शब्द गिळतात. मग बोला. आधी गायचं नाही, बोलायचं: “अकरा जानेवारी, रात्रीचे अडीच, वावर. गवळण, मुखडा. भजनी ठेका, धिमा.” पाच सेकंद जातात, पण सहा महिन्यांनी ‘आरईसी००४७’ असल्या नावाची फाइल उघडल्यावर हेच शब्द कामाला येतात.

नंतर गा. शब्द नसतील तर ‘ना ना’ म्हणा, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणा, काहीही म्हणा. ठेका मांडीवर धरा. प्लेअरवर किंवा प्लेअर ठेवलेल्या फळीवर बोटं आपटू नका, तो धप्प आवाज चालीपेक्षा मोठा येतो. चाल तीनदा म्हणा. पहिल्यांदा जशी आली तशी, दुसऱ्यांदा सावकाश, तिसऱ्यांदा जिथं शंका आहे ती जागा थोडी बदलून. मध्ये चुकलं तर थांबून सुधारत बसू नका, पुढं चला. अंतरा सुचला नसेल तर तसं बोलून टाका: “अंतरा नाही. इथून वर जायचं आहे, पंचमावर.” पंचम कळत नसेल तर “इथून वर” पुरे. एका चालीला दीड मिनिटाच्या वर लागायला नको. जास्त लागतं आहे तर चाल अजून आलीच नाही असं समजा.

वारा असेल तर पाठ वाऱ्याकडे करा आणि माइकवर दुपट्ट्याचा एक पदर धरा. एकच पदर, घडी नाही. ‘लो कट’ची सोय असेल तर ती लावा. वाऱ्याची ढबढब खालच्या सुरात असते, ती त्यानं बरीच कमी होते. रातकिड्यांचं काही करता येत नाही. माझ्या निम्म्या चालींना त्यांचीच साथ आहे.

रात्री अडीचला गळा खाली असतो, त्यामुळे टेपमधली पट्टी खरी मानू नये. दुसऱ्या दिवशी पेटीवर बसून आपण कुठं होतो ते शोधायचं. मी वावरात गातो ते बहुतेक पांढरी सहाच्या आसपास निघतं आणि मंडळात तेच काळी दोनला बसतं. शोधलेली पट्टी वहीत लिहून ठेवायची. यावरून कॅसेटचा काळ आठवतो. सेल उतरले की टेप मंद फिरायची, त्या मंद टेपवर केलेलं रेकॉर्डिंग ताज्या सेलवर लावलं की बुवांचा आवाज बाईसारखा यायचा, आणि पट्टीवरून भांडणं व्हायची. आताच्या यंत्रात सेल उतरले तर यंत्र बंद पडतं, सूर मात्र हलत नाही.

मंडळाचा सराव

इथं सगळ्यात मोठा प्रश्न जागेचा. बहुतेक सराव देवळाच्या सभामंडपात होतात. खाली फरशी, वर पत्रा, तीन बाजू उघड्या. गाताना फार बरं वाटतं कारण आवाज फिरून येतो. टेपमध्ये तोच फिरलेला आवाज चिखल करतो, शब्द कळत नाहीत. दोन सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला गोधडी टांगा, आणि मंडळ मधोमध न बसवता एका कोपऱ्याकडं तोंड करून बसवा. बराच फरक पडतो.

पण खरी चांगली जागा आम्हाला अपघातानं सापडली. दिवाळीनंतर भाव यायची वाट पाहत कापूस घरातच पडून असतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी आमच्या पेटीवाल्या काकांची आतली खोली छातीइतक्या उंचीपर्यंत कापसानं भरली होती, दाराजवळ फक्त पाच-सहा माणसं बसतील एवढी जागा. बाहेर पाऊस आला म्हणून तिथं बसलो आणि सवयीनं प्लेअर लावला. रात्री ऐकलं तर पेटीचा एकेक सूर वेगळा, काकांच्या बोटाखालची पट्टी दबताना होणारी टिकटिकसुद्धा ऐकू येत होती. कापूस आवाज पिऊन टाकतो. स्टुडिओच्या भिंतींना जे लावतात त्याचंही काम हेच. आता काकू म्हणतात, “भाव नाही आला तं निदान गाणं तं होऊन राहिलं!” एकच कडक नियम आहे: त्या खोलीत विडी नाही, उदबत्ती नाही, दिवाही नाही. आणि ज्याला धुळीचा त्रास आहे त्यानं दाराशी बसायचं.

आता यंत्र कुठं ठेवायचं. खंजिरी हे विदर्भाचं वाद्य होऊन बसलं ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे. त्यांच्यामागे गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं झाली आणि प्रत्येक मंडळात एकाच्या तरी हातात खंजिरी आली. वाजायला सुंदर, पण माइकला जड. टाळ आणि खंजिरी जवळ असली तर दुसरं काही ऐकूच येत नाही. म्हणून मुख्य गायकापासून तीन-चार फुटांवर, बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीला यंत्र ठेवा. पेटी गायकाच्या बाजूला, ढोलकी किंवा तबला त्याच्या पलीकडे थोडा मागे. टाळकरी सगळ्यात मागे, यंत्रापासून निदान दहा फुटांवर. अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलनं उतरतो. माणसं हलवून जे होतं ते बटणं फिरवून होत नाही. खंजिरीवाला स्वतःच गात असेल, आणि बहुधा असतोच, तर यंत्र त्याच्या खंजिरीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

ठेवायचं कशावर? पेटीवर कधीही नाही, भात्याची करकर थेट आत जाते. स्टीलच्या ताटावर किंवा लोखंडी कपाटावर नाही, ती स्वतःच वाजतात. दोन-तीन पोती घडी घालून स्टुलावर ठेवा आणि त्यावर यंत्र. देवळात खांब असेल तर रबरबँडनं खांबाला बांधा, मध्ये कापडाची घडी घालून.

मग पातळी. सगळे जण चुकतात ते इथं: सुरुवातीच्या संथ अभंगावर पातळी लावतात आणि गजर आला की आवाज फाटतो. आधी गजर करून घ्या. “चला, एकदा जोरात,” म्हणा, पूर्ण ताकदीचा अर्धा मिनिट घ्या आणि त्यावर पातळी लावा. यंत्राच्या पडद्यावरच्या पातळीच्या काट्यावर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे, शून्याला टेकता कामा नये. मंद आलेला आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही. ज्या यंत्रात काटाच नाही त्यात एक मिनिट टेप करून इअरफोननं ऐका आणि फाटत असेल तर यंत्र दोन फूट मागे न्या.

पेटीवाल्याला सुरुवातीला सा आणि प पाच सेकंद धरायला सांगा. कोणत्या पट्टीत गायलो ते नंतर विचारावं लागत नाही. तोंडी नाव, तारीख इथंही आलीच.

वीस-पंचवीस मिनिटांनी थांबवून नवी फाइल सुरू करा. सलग दोन तास टेप करत ठेवलं आणि मध्येच सेल गेले तर काही यंत्रांत ती अख्खी फाइल शून्य बाइटची निघते, कारण शेवटचा हिशोब ती थांबवताना लिहितात. तुकडे केले तर गेलाच तर एक तुकडा जाईल. शिवाय दोन तासांची फाइल परत कुणीही ऐकत नाही.

एप्रिल-मेमधल्या सरावाची वेगळी अडचण आहे आणि तिचं नाव कूलर. तो बंद केला तर माणसं गात नाहीत, सुरू ठेवला तर टेपमध्ये फक्त कूलरच गातो. आम्ही कूलर लावून तासभर सराव करतो आणि शेवटी तो बंद करून दोनच गाणी टेप करतो. घाम येतो, पण तीच दोन गाणी सगळ्यात नीट होतात. आता थांबायचं आहे हे माहीत असतं म्हणून असेल.

ऐकणं

टेप केलेला सराव त्याच रात्री ऐकू नका. त्या रात्री सगळ्यांना आपण छानच गायलो असं वाटत असतं. दुसऱ्या दिवशी, एकट्यानं, इअरफोननं, हातात वही घेऊन ऐका. तीन गोष्टींवर कान ठेवा: लय कुठं पळाली, सूर कुठं उतरला, शब्द कुठं गिळला. बाकी सगळं सोडून द्या.

लयीचं एक उदाहरण देतो. मोझरीला होणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीच्या आधी आमचा सराव जोरात होता आणि रोज एकच भांडण. ढोलकीवाला भाचा म्हणे, “मामा, तुमीच पळून राहिले ना!” आणि मी म्हणे तो. शेवटी टेप लावली आणि घड्याळ समोर ठेवलं. सुरुवातीला पंधरा सेकंदांत वीस मात्रा मोजल्या, म्हणजे मिनिटाला ऐंशी. तिसऱ्या कडव्यानंतर पंधरा सेकंदांत तेवीस. गजरापर्यंत सव्वीस, म्हणजे मिनिटाला एकशे चार. लय पळत होती हे खरं. पण ती कुठं सरकते ते शोधायला प्रत्येक कडव्याचं शेवट पाच-पाच वेळा ऐकलं, तेव्हा कळलं की मीही नव्हतो आणि भाचाही नव्हता. ध्रुवपद उचलताना मागचे टाळकरी अर्धी मात्रा आधी घुसत होते आणि त्यांना गाठायला आम्ही दोघं धावत होतो. दोन महिन्यांचं भांडण अर्ध्या तासात मिटलं. टाळकऱ्यांशी नवं सुरू झालं, ती गोष्ट वेगळी.

इथं प्लेअरची एक सोय फार कामाची आहे आणि ती बहुतेकांना माहीतच नसते: ए-बी रिपीट. ओळीच्या सुरुवातीला एकदा बटण दाबायचं, शेवटी पुन्हा दाबायचं, मग तेवढीच ओळ फिरत राहते. नवी चाल बसवायला यासारखं साधन नाही. व्हॉइस रेकॉर्डरांमध्ये वेग कमी करायची सोयही असते, सूर तोच ठेवून. पेटीवरची अवघड जागा तीन चतुर्थांश वेगानं लावली की बोटं कशी जातात ते कळतं. झाडीपट्टीत तर हे सोन्यासारखं आहे. मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम दिवाळीनंतर लागला की गायक एका गावचा, ऑर्गनवाला दुसऱ्या गावचा, आणि तालमीला वेळ अपुरा. एका तालमीचं रेकॉर्डिंग गायकाच्या प्लेअरमध्ये भरून दिलं तर तो वडसाच्या गाडीत बसल्या बसल्या पदं पक्की करतो.

दोन यंत्रं असतील तर आणखी एक करून बघा. एकावर ढोलकीचा ठेका पाच मिनिटं टेप करा. तो एका कानातल्या इअरफोनवर लावा आणि दुसऱ्या यंत्रावर आपली चाल गाऊन टेप करा. जागलीवर एकट्यालाच साथ मिळते, आणि चाल ठेक्यात बसते की नुसती डोक्यातच छान आहे हे लगेच समजतं. माझ्या पाचपैकी तीन तिथंच पडतात.

फाइलींची व्यवस्था

आठवड्यातून एकदा, आमच्याकडे बाजाराच्या दिवशी, सगळं कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवायचं. नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं तारीख, पुढं गाण्याचं नाव आणि पट्टी. हा क्रम ठेवला की फाइली आपोआप ओळीनं लागतात. एक प्रत आपल्याकडे, एक दुसऱ्या घरी. एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात मंद आवाज वाढवता येतो आणि लांब फाइलीचे तुकडे करता येतात. घरघर पुसायची सोयही त्यात आहे, पण जपून. जास्त पुसलं की माणूस विहिरीतून गातो आहे असं वाटतं.

आणि शंभर पानी वही. फाइलीचं नाव, एका ओळीत काय आहे, आणि पुढं खूण: ठेवायची, बघू, सोडली. सोडलेल्या चालीही पुसू नका. पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांना चाल हवी म्हणून सणाच्या आदल्या रात्री पोरं दारात आली, तेव्हा मला अशीच एक सोडलेली चाल कामी आली.

विचारून

सराव टेप करण्याआधी सगळ्यांना सांगा. लपवून टेप करू नका, नंतर कळलं की माणूस मोकळं गात नाही. कच्चा सराव मंडळाबाहेर पाठवायचा नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच, हे पहिल्याच दिवशी ठरवा. गावातल्या आज्यांकडून भुलाबाईची गाणी उतरवायची असतील तर कोजागिरीच्या आधी जा. तेव्हा पोरी रोज घरोघरी गात असतात आणि आज्यांनाही ती ओठांवर असतात. यंत्र समोर ठेवा, काय करतो आहोत ते सांगा, आणि लगेच त्यांना त्यांचाच आवाज इअरफोनवर ऐकवा. आमच्या गल्लीतल्या एका आजीनं ऐकून विचारलं, “हा मायाच आवाज हाय का गा?” आणि मग आधी ‘मले नाही येत’ म्हणणाऱ्या तिनं अकरा गाणी सलग म्हटली. पण हे बाहेर कुठं लावायचं असेल तर पुन्हा विचारा. म्हणायला दिलेला होकार वेगळा, लावायला दिलेला वेगळा.

ऊन, पाऊस आणि पेरणी

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर प्लेअर ठेवू नका. आत बसवलेली बॅटरी फुगते आणि पडदा उचलला जातो. पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, नव्या चपलांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी सोबत टाकून.

मृगात पेरणी लागली की आमचा सराव बंद पडतो तो थेट पोळ्यापर्यंत. प्लेअर ठेवून देण्याआधी त्यातले सेल काढा. मी एका वर्षी विसरलो. पोळ्याच्या तोंडावर झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी आल्यासारखं झालेलं आणि यंत्र मुकं. सेल गळले होते. तुमचंही असं झालं तर टाकून देऊ नका. हाताला लागू न देता सेल काढा, लिंबाच्या रसात जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा काडीला गुंडाळून पत्र्याच्या पट्ट्या पुसा, मग कोरड्या बोळ्यानं पुसा आणि दिवसभर सावलीत उघडं ठेवा. माझा तसाच सुरू झाला. फक्त तारीख पुन्हा १९८० झाली होती.